इशारा पातळी

"किल्ली फिरवा, पण स्टार्टर मारू नका," मामा खिडकीतून वाकून सांगतात.

मी किल्ली फिरवून थांबतो. समोरचे सगळे दिवे एकदम लागतात. बॅटरी, तेलाची बुधली, हँडब्रेक, पट्टा न लावलेला माणूस, आणि या गर्दीत डावीकडे तो पिवळा. इंजिनाची आकृती आहे म्हणे. माझ्या मुलीला ती लहानपणापासून पाणबुडी वाटत आली आहे आणि काल संध्याकाळपासून मलाही ती पाणबुडीच दिसते, इतका वेळ मी तिच्याकडे बघत बसलोय.

"हां, बल्ब जित्ता हाय. आता मारा."

इंजिन चालू होतं. बाकीचे दिवे एकेक करून विझतात. पाणबुडी तशीच.

आषाढाचा शेवटचा आठवडा. शिवाजी उद्यमनगरातल्या या गॅरेजच्या पत्र्यावर पाऊस एकसुरी वाजतोय आणि समोरच्या लेथवर बीड कापल्याची करकर त्यात मिसळलीय. कोल्हापूरच्या या भागानं कधीकाळी विहिरींवरची ऑइल इंजिनं घडवली. त्या इंजिनांना दिवाबिवा नव्हता. काही बिघडलं की ती काळा धूर ओकायची नाहीतर गप्प व्हायची, आणि शेतकऱ्याला दोन्ही भाषा कळायच्या. दारातल्या बाकड्यावर तिघं चहा पितायत. विषय अर्थातच पंचगंगा.

"राजाराम बंधाऱ्यावर छत्तीस झालं म्हनं."

"सकाळी साडेचौतीस हुतं."

"राधानगरीचं दार उघडलं की बघ मग."

मी तीन सल्ले खिशात घेऊन आलोय. घराजवळच्या एका गॅरेजात काल रात्री दोन मिनिटांत निदान झालं: ऑक्सिजन सेन्सर गेलाय, नऊ हजार, उद्या सोडा गाडी. शेजारी म्हणाले, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा आपोआप जातो. आणि न्यू जर्सीतली बहीण फोनवर म्हणाली, पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट लाव, आमच्याकडे निम्म्या वेळा तेच असतं. रात्री अकराला छत्री धरून मी झाकण लावूनही आलो.

मामांचा हाताखालचा पोरगा, ज्याला सगळे बारक्याच म्हणतात, पायाकडच्या बाजूनं स्टिअरिंगखाली डोकं घालतो. तिथं एक सॉकेट आहे, एका बाजूला निमुळतं, आत दोन ओळींत सोळा पिना. गाडी घेऊन नऊ वर्षं झाली, मला ते आज पहिल्यांदा दिसतंय. बारक्या स्कॅनरची वायर त्यात खुपसतो आणि हातातला टॅब लगेच उजळतो. सोळाव्या पिनेवर थेट बॅटरीचा करंट असतो, त्यामुळे स्कॅनरला वेगळी वीज लागत नाही.

"पी शून्य एकशे एकाहत्तर," बारक्या वाचतो. "सिस्टिम टू लीन. मामा, ऑक्सिजन सेन्सर घिऊन येऊ काय?"

मामा उत्तर देत नाहीत. शर्टाच्या खिशातून चष्मा काढतात, पुसतात, डोळ्यांवर चढवतात. पन्नाशी उलटलेला माणूस, बोटांच्या पेरांत मुरलेलं ऑइल. मला वाटलं होतं, हे स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकतील. पण मामा टॅब हातात घेतात आणि आमच्याकडे पेपर वाचतात तसं निवांत वाचू लागतात.

"मग सेन्सर गेलाय ना?" मी विचारतो.

"कुणी सांगितलं?"

मी गप्प.

पावसानं काचेवर आतून वाफ धरलीय. मामा त्या वाफेवर बोटानं लिहितात: पी, ०, १, ७१. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं. बी असता तर बॉडी, सी म्हणजे चाकं-ब्रेक, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं तुटलंय. पुढचं शून्य म्हणजे हा नंबर सगळ्या कंपन्यांना सारखाच. एक असता तर ज्या त्या कंपनीचा खासगी. त्यानंतरचा एक म्हणजे हवा आणि इंधनाचा विभाग. तीन असता तर ठिणगीचा. शेवटचे दोन आकडे म्हणजे नेमकी तक्रार.

"तक्रार," मामा परत म्हणतात. "ही फिर्याद हाय सर, निकाल न्हवं. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसतो. त्यानं येऊन सांगितलं, सायब, धुरात हवा जास्त दिसतीया, पेट्रोल कमी. त्यो फिर्यादी. आता चोर शोधायचा सोडून फिर्यादीलाच आत टाकायचं व्हय?"

बाकड्यावरचे तिघं हसतात. मीही हसतो, पण आतून नऊ हजारांच्या आठवणीनं थोडा कसनुसा होतो.

"आन् झाकनाचा नंबर येगळा," बहिणीचा सल्ला ऐकून मामा म्हणतात. "०४५५. तिकडं त्ये बराबर आसंल." तिकडे टाकीतून पेट्रोलची वाफ गळते का, हे गाडीनं स्वतः तपासणं सक्तीचं आहे, म्हणून सैल झाकणानंही दिवा लागतो. एकूणच हा दिवा मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्मलेला नाही. तो धुराच्या कायद्याचं अपत्य आहे. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला हे सॉकेट आणि हे सामायिक नंबर लागू झाले. आपल्याकडे बीएस ४ च्या काळात, २०१० च्या एप्रिलपासून पहिला टप्पा आणि २०१३ च्या एप्रिलपासून दुसरा. त्यामुळे हवा दूषित करू शकेल असं काही बिघडलं की ही पाणबुडी वर येते. टायर गुळगुळीत झाला, ब्रेकचे लायनर संपले, याचं तिला काही सोयरसुतक नाही.

"कवा लागला दिवा?"

"आंबा घाटात. चढताना. लोड आला असेल इंजिनवर." हे मी खात्रीनं सांगतो. कालपासून चार जणांना सांगून झालंय.

मामा टॅबवर एक पान उघडून माझ्यासमोर धरतात. कोड पडला त्या क्षणी गाडीचा कॉम्प्युटर आपल्या सगळ्या मापांचा एक फोटो काढून ठेवतो. फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला. वेग: ०. फेरे: मिनिटाला ७८०. पाण्याचं तापमान: ९१. इंजिनवरचा लोड: जेमतेम.

"गाडी उभी हुती," मामा शांतपणे म्हणतात.

आणि मला आठवतं. घाटमाथ्यावर मक्याच्या कणसासाठी थांबलो होतो. पाऊस होता म्हणून इंजिन आणि एसी चालू ठेवून मी आत बसून होतो आणि बायको छत्री घेऊन कणीस भाजून घेत होती. ती परत आली तेव्हा दिवा लागलेला असणार. मी पाहिला पुढच्या वळणावर. माझ्या डोक्यात तो घाटाच्या चढाला चिकटला. डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची साक्ष मशीननं चार आकड्यांत खोडून काढलीय आणि मी ती चार जणांना रंगवून सांगितलीय.

"ही पयली येळ पन न्हाई," मामा पुढं सरकतात. बहुतेक तक्रारी कॉम्प्युटर एकदा ऐकून लगेच दिवा लावत नाही. पहिल्या फेरीत नुसती टिपून ठेवतो, पेंडिंग. पुढच्या फेरीत तेच पुन्हा दिसलं, की मग दिवा. म्हणजे आंब्याला निघण्याच्या आधीच, कोल्हापुरातल्या एखाद्या फेरीत, हे एकदा नोंदलं गेलंय. शेजाऱ्यांचं ऐकून रात्री बॅटरीची वायर काढली असती, तर दिवा गेला असता हे खरं. हा फोटोही गेला असता.

इतक्यात बाहेर एक दुधाचा टेम्पो येऊन थांबतो. डिझेल, बीएस ६. ड्रायव्हर उतरायच्या आधीच बोलू लागतो, "मामा, परत लागली. परवाच मोबाइलवरनं डिलीट मारली हुती." त्याच्याकडे काडेपेटीएवढा ब्लूटूथचा डबा आहे, ऑनलाइन मागवलेला. लागला दिवा की पूस, लागला की पूस, असं त्याचं पंधरा दिवस चाललंय. मामा टॅब बारक्याकडे देऊन त्याच्याकडे जातात. सायलेन्सरातली काजळी धरणारी जाळी चोक होत आलीय. ती काजळी जाळायला धूर चांगला सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो, आणि हा टेम्पो पहाटे तीनपासून गल्लीबोळांत दर शंभर पावलांवर थांबतो. तापणार कधी?

"हायवे धर. कागलपातूर जाऊन ये, वरचा गिअर टाकू नको, फेरं चढं ठेव. मदी बंद करू नको."

"आन् न्हाई गेली तर?"

"तर हितं आन, स्कॅनरवरनं जाळतो. पन पुसू नको गड्या. तू नुसतं पुसायलायस, काजळी हाय तितं हाय."

कुणीतरी त्याला ती जाळीच काढून टाकायचा सल्ला दिलाय, हे तो हळूच सांगतो. मामा नुसते बघतात. टेम्पो वळतो आणि हायवेच्या दिशेनं जातो, मागे रिकामे कॅन खडखडत.

"मी कालपासून दिवा लागलेला असताना चालवली," मी विचारतो. "चुकलं का?"

मामा बाकड्याकडे बघतात. तिथं कुणीतरी मोबाइलवरून नवी पातळी वाचतंय.

"एकूनचाळीस फुटाला काय म्हंत्यात?"

"इशारा पातळी," मी म्हणतो. कोल्हापुरात हे बालवाडीतल्या मुलालाही विचारावं लागत नाही.

"आन् त्रेचाळीसला?"

"धोका पातळी."

"हां. दिवा सरळ लागून ऱ्हायला म्हंजे एकूनचाळीस. सामान आवरायला घ्या, पन पळू नका. आन् लुकलुकायला लागला की त्रेचाळीस." लुकलुकणं म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, गाडी मिसिंग मारतेय, आणि न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरकडे निघालंय. तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये ते जळतं आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळवून टाकतं. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा मुलामा असतो. एक कॉइल बदलायला टाळाटाळ करणारा माणूस मग सोनाराच्या दुकानात गेल्यासारखं बिल भरतो. "लुकलुकला की कडंला घ्यायची. आन् तेलाची तांबडी बुधली लागली की कडंला घ्यायचं सुदिक बगू नका, आधी बंद करा."

आता खरी तपासणी. मामा टॅबवर आलेख लावतात. फ्युएल ट्रिम. पेट्रोलच्या प्रत्येक भागाला वजनानं हवेचे साधारण १४.७ भाग, हा हिशेब गाडी सांभाळत असते. ऑक्सिजन सेन्सर म्हणाला हवा जास्त, की कॉम्प्युटर पेट्रोल थोडं वाढवतो. म्हणाला कमी, की घटवतो. ही वाढ-घट टक्क्यांत दिसते. एक तात्पुरती, सेकंदासेकंदाला हलणारी. दुसरी मुरलेली, दिवसांच्या सवयीनं ठरलेली. निरोगी गाडीत दोन्ही शून्याच्या आसपास नाचतात.

माझ्या गाडीची मुरलेली रेघ अधिक २१ वर. तात्पुरती अधिक ७.

"अठ्ठावीस टक्के जादा पेट्रोल घालायलीया बिचारी, तरी फिर्याद मिटंना," मामा म्हणतात. "बारक्या, रेस दे. अडीच हजार धर."

बारक्या पाय दाबतो. इंजिन गरजतं. आलेखावरच्या दोन्ही रेघा खाली येऊ लागतात. दोन्ही मिळून सहा. रेस सोडली की परत वर.

मामांचा चेहरा उजळतो. इथं मला कळतं की हा माणूस टॅबकडे का असा बघतो. पंप कमजोर असता तर रेस दिल्यावर तुटवडा वाढला असता, कारण तेव्हा पेट्रोल जास्त लागतं. इथं उलटं झालंय. उभ्या गाडीत इंजिन हवा जोरानं ओढतं, पण थ्रॉटल बंद असल्यानं आत येते ती थोडीच. त्या थोड्यात चोरून घुसलेली हवा मोठी दिसते. रेस दिली की दारच उघडतं आणि चोर गर्दीत हरवतो. म्हणजे एअर फिल्टरजवळचा सेन्सर हवा मोजतो, त्याच्या पुढं कुठंतरी भोक आहे.

"फोटुत गाडी उभी हुती ना सर? तितंच कळलं हुतं. पन खात्री करावी मानसानं."

भोक शोधायला काही गॅरेजांत धुराचं मशीन असतं. इथं नाही. मामा नाकानं इंजिनाभोवती एक फेरी मारतात, पेट्रोलचा वास कुठं येत नाही ना हे बघून घेतात, बारक्याला कार्ब क्लीनरचा डबा आणि तेलाचे बोळे लांब न्यायला सांगतात. मग भिंतीवरच्या अंबाबाईच्या फोटोसमोरची अर्धी जळालेली उदबत्ती काढून आणतात. (वाचकांनी हे घरी करू नये. मी तर चार पावलं मागेच सरलोय.)

उदबत्तीचा धूर सरळ वर चाललाय. मामा ती इनटेकच्या कडेनं सरकवतात. मोठा रबरी पाइप: धूर सरळ. क्लॅम्प: सरळ. थ्रॉटलचं गॅस्केट: सरळ. मग हात इंजिनाच्या मागच्या अंगाला जातो, जिथं क्रँककेसमधली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा बोटाएवढा ब्रीदर पाइप आहे. आणि धूर मान मोडल्यासारखा आडवा होतो, बारीक दोरी होऊन खाली जातो, दिसेनासा होतो.

"सापडला," बारक्या म्हणतो.

इंजिन बंद करून पाइप काढला जातो. खालच्या अंगाला करंगळीच्या नखाएवढं भोक, कडेला बारीक बारीक दातांच्या खुणा. बारक्या बॅटरीच्या ट्रेखाली हात घालतो आणि मूठ उघडून दाखवतो: भुईमुगाची टरफलं, कापसाचे पुंजके, माझ्याच बॉनेटखालच्या फोमचा चुरा. पावसाळ्यात गरम इंजिनाइतकी सुखाची जागा उंदराला दुसरी कुठली मिळणार? बाकड्यावरून उपाय सुरू होतात. डांबराच्या गोळ्या ठेवा. तंबाखूची पुडी ठेवा.

"तंबाखू ठिवू नका," मामा म्हणतात. "चटक लागंल त्याला."

बारक्या नमुना पाइप घेऊन सुट्ट्या भागांच्या दुकानाकडे मोटरसायकलीवरून जातो. तो यायच्या आत एक जुनी हॅचबॅक दारात लागते. इचलकरंजीहून दोघं आलेत, एक विकणारा, एक घेणारा. घेणाऱ्यानं शहाणपणा करून मामांना दाखवायला आणलीय. पिवळा दिवा बंद आहे. विकणारा बोट दाखवून सांगतो, बघा, एक कोड नाही.

मामा स्कॅनर लावतात. खरंच एकही कोड नाही. मग ते दुसरं पान उघडतात. गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या चालता-चालता घेत असते, कन्व्हर्टरची, सेन्सरची, त्यांच्यासमोर एकच उत्तर: अपूर्ण, अपूर्ण, अपूर्ण. आणि खाली एक ओळ: कोड पुसल्यापासूनचं अंतर, ११ किलोमीटर.

"इचलकरंजीवनं आलासा न्हवं?" मामा विचारतात. "मग वाटंत च्याला थांबल्याला दिसतासा."

घेणारा विकणाऱ्याकडे बघतो. विकणारा पावसाकडे. कुणी काही बोलत नाही. दोघं परत जाताना घेणारा मागच्या सीटवर बसतो, एवढं मला दिसतं.

नवा पाइप बसतो. सहाशे चाळीसचा पाइप, स्कॅनिंगचे तीनशे, हाताचे काही. मी इंजिन चालू करतो. फेऱ्यांमधली ती हलकी थरथर, जिची मला इतकी सवय झाली होती की ती आहे हेच विसरलो होतो, ती नाही. टॅबवर मात्र गंमत चाललीय: मुरलेली रेघ अजून अधिक २१ वरच, आणि तात्पुरती धाडकन उणे १७ वर. इंजिन जुन्या सवयीनं जादा पेट्रोल ओततंय आणि सेन्सर प्रत्येक क्षणी ओरडतोय, बास, बास. आम्ही बघत उभे राहतो. मुरलेली रेघ वीसवर येते. बऱ्याच वेळानं एकोणीस.

"सेन्सर ठणठणीत हाय बगा," मामा म्हणतात. "नऊ हजाराचा मानूस."

मी पैसे देतो आणि टॅबकडे बोट करतो. "आता पुसून टाका तेवढा कोड."

"न्हाई पुसनार."

"का?"

"आपन काम केलंय का न्हाई, त्ये तिला सांगू दे की. तीन फेऱ्या व्यवस्थित झाल्या की तिची ती दिवा विझवंल. नंबर आत ऱ्हाईल अजून, चाळीसेक येळा इंजिन गार-गरम झालं की त्योबी जाईल." ते चष्मा काढून खिशात ठेवतात. "तिसऱ्या फेरीनंबी न्हाई विझला, तर फोन करू नका. सरळ गाडी आना."

बाकड्यावर छत्तीस फूट नऊ इंच झालेत. मी गाडी मागे घेतो, उद्यमनगरच्या खड्ड्यांतून बाहेर काढतो. राजारामपुरीच्या सिग्नलला तांबडा लागतो. गाडी उभी, वेग शून्य, एसी चालू, वायपर चालू. काचेवर मामांच्या बोटाचे आकडे पुसट झालेत, एकाहत्तर अजून वाचता येतंय. पाणबुडी लागलेलीच आहे. पहिली फेरी.